नावानं टोचलेलं गाव

वाशीमहून हिंगोली तीसेक मैलांवर. सकाळी चहा घेऊन निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचावं, इतकं जवळ. पण मला तिथं बोलावणारं पत्र भाद्रपदात निघालं आणि माझ्या हातात पडलं माघात. तहसिलीतून ते जिल्ह्याला गेलं, जिल्ह्यातून सुभ्याला, सुभ्यातून निजामाच्या राजधानीला. तिथून इंग्रजी मुलखात शिरून आमच्या प्रांताच्या राजधानीला, मग विभागाला, मग जिल्ह्याला, आणि शेवटी वाशीमच्या दवाखान्यात, जिथं मी नर्स आहे. मजकूर म्हणाल तर चार ओळींचा. तालुक्यात देवीची साथ येण्याचा संभव आहे, पडद्यातल्या बायांना टोचायला बाई नाही, तरी तुमच्याकडची एक बाई महिनाभर उसनी मिळावी. संभव आहे म्हणे! पत्र सगळीकडे हिंडून येईस्तोवर साथ येऊन घरात बसली होती.

मी मूळची साताऱ्याकडची. स्वभाव तापट, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणाला धक्का बसायला नको. परतल्यापासून जो तो विचारतो, निजामाच्या मुलखात काय काय पाहिलंस? एकेकाला सांगून घसा बसला, म्हणून लिहून काढते आहे. एका गावाचं नाव मात्र मी लिहिणार नाही. ज्यांची ही हकीकत, ती माणसं अजून तिथंच नांदतात.

कनेरगाव नाका

इकडची सर्व्हिस मोटार नाक्यापर्यंतच जाते. तिथं उतरायचं, सामान तपासून घ्यायचं आणि पलीकडच्या मोटारीची वाट बघत बसायचं. नाक्यावरच्या कारकुनानं माझी पेटी उघडली. कापूस, स्पिरिटची बाटली, सुया. "हे काय हाये?" म्हणून एक सुई त्यानं चिमटीत धरली. "देवी काढायची सुई," मी म्हटलं. गड्यानं ती अशी टाकली की बाकावर जाऊन पडली! मग पेटीला हात न लावताच "जा, जा" केलं.

मोटार यायला दीड तास होता. शेजारच्या दुकानात गुळाचा चहा आणि भजी घेतली. भज्यांबरोबर वाटीभर हिरवा ठेचा आला. आमच्या साताऱ्याचं तिखट काही कमी नाही, मी बेधडक बोट भरून घेतला आणि डोळ्यांतून पाणी काढलं. दुकानवाली म्हातारी हसून हसून लोटपोट. "पानी पिऊ नका बाई, गूळ चाटा," म्हणाली आणि वर पैसे घेईना. पहिल्याच दिवशी या मुलखावर माझा जीव जडला, हेही कबूल करते.

हिंगोली

स्टेशनाजवळ करीमभाई मला घ्यायला आले होते. तालुक्यात देवी काढणारा सरकारी माणूस हा एकच. पन्नाशीचे, बारीक, दाढी पांढरी, पायात गावोगाव हिंडून झिजलेल्या वहाणा. लसीच्या काचेच्या नळ्या ते ओल्या फडक्यात गुंडाळून मातीच्या सुरईत ठेवत आणि ती सुरई गाडीत मांडीवर घेऊन बसत. दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसत. उन्हानं लस मेली तर टोचून काही उपयोग नाही, हे त्यांना मोठ्या डॉक्टरांपेक्षा जास्त ठाऊक होतं.

शहरातला आठवडा छान गेला. आमच्या साताऱ्याकडे टोचणारा आला की बाया लेकरांना कणगीत लपवतात. इथं मोहल्ल्यातल्या बाया आधी सरबत पाजत, मग माझं लग्न, मूलबाळ, पगार सगळं विचारून घेत आणि मग बाही वर करत. करीमभाईंच्या बायकोनं रोज खिचडी आणि चिंचेचा खट्टा करून घातला. "खा बाई, अशानं सुई धरायला जोर कुठून येईल?" असं म्हणत ती ताटात वाढतच राही. आठ दिवसांत लस संपली. नवी रेल्वेनं यायची होती. तोवर सेनगावाकडच्या गावांत जाऊन बायांना समजावून ठेवू, असं आम्ही ठरवलं.

निघण्याआधी मी तालुक्याची यादी पाहिली. काही गावांपुढं "बाकी", काहींपुढं "पूर्ण". पूर्ण असलेल्या गावाला नवी लस मिळत नाही आणि तिथं जायचं कारणही नाही. सोपा हिशोब. बाकीच्या गावांची नावं मी उतरवून घेतली.

आस मोडला ते गाव

सेनगावच्या वाटेवर गाडीचा आस मोडला. काळ्या रानातली चाकोरी, कापूस वेचून झालेला, तुरीच्या पेंढ्या बांधावर उभ्या, आणि मधोमध आमची गाडी एका बाजूला कलंडलेली. करीमभाईंनी रिकामी सुरई तेवढी वाचवली, माझा मात्र कोपर फुटला. जवळ गाव होतं. माझ्या कागदावर ते नव्हतं, म्हणजे "पूर्ण" गाव. सुतार आस बसवेपर्यंत पाटलांच्या ओट्यावर बसलो.

पाटील साठीचे, धिप्पाड, बोलायला गोड. सुनेनं, गंगूनं, जेवायला वाढलं. ज्वारीची भाकरी, तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी, वर करडईचं तेल. इतकी चवदार आमटी मी जन्मात खाल्ली नव्हती. गंगूच्या कडेवर तीन वर्षांचा माधव, उघडाबंब, गुबगुबीत. शेजारच्या गावात देवीची साथ आहे हे जेवतानाच कळलं. परवाच्या बाजाराला पाटील नातवाला खांद्यावर घेऊन त्याच गावात जाऊन आले होते. फुटाणे घेऊन दिले म्हणे.

माझा घास हातातच राहिला. लेकराचे दोन्ही दंड मी न्याहाळले. लोण्यासारखे स्वच्छ! एक डाग नाही.

"याला टोचलं नाही?"

"टोचलं की," पाटील म्हणाले. "साऱ्या गावाचं झालंय. करीमभाई, दाखवा बाईंना."

करीमभाईंनी दप्तर उघडलं. उर्दूत लिहिलेलं त्यांनी खाली मान घालून वाचलं. माधव, वय एक वर्ष, चार टोचे, आठव्या दिवशी तपासणी, फोड चांगले आले.

"मग दंडावर वण कुठं आहे?" मी आवाज चढवला.

पाटलांना वाटलं, मला वण पाहायचे आहेत. त्यांनी तराळाला हाक मारली, "अरे, चंद्रीला घेऊन ये!" थोड्या वेळानं आठ-नऊ वर्षांची एक पोर धावत आली. महारवाड्यातली. डोकं भादरलेलं, अंगात बापाची जुनी बंडी. ओट्यापासून दहा पावलांवर उभी राहिली आणि कुणी न सांगता दोन्ही बाह्या वर केल्या. मी खाली उतरून जवळ गेले. दोन्ही दंड भरलेले होते. काही वण ठळक, काही पुसट, एकावर एक चढलेले. पाठीमागचे जाऊ द्या, समोरचेच मी मोजले. अकरा.

"नाव काय गं तुझं?"

पोरीनं आधी पाटलांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बाई, आज मी कोन व्हायचं?"

मला कळेचना. करीमभाईंनी हळू आवाजात सांगितलं तेव्हा कळलं. गावातल्या मोठ्या घरांतल्या लेकरांच्या जागी ही पोर उभी राहते. एका दिवसात तीन-तीनदा रांगेत. कधी पाटलाचा माधव, कधी दुकानदाराची कमळा, कधी आणखी कुणी. आठव्या दिवशी फोड तपासायलाही तीच. ती आणि तिच्या वाड्यातली आणखी चार लेकरं मिळून सारं गाव पूर्ण झालं होतं.

"तुम्हाला दिसत नव्हतं?" मी करीमभाईंवर ओरडले. "तेव्हाही सात वर्षांची पोरगी, आणि लिहिता काय, मुलगा, वय एक वर्ष! डोळे फुटले होते का?"

"दिसत होतं बाई," ते म्हणाले. "मी दंडाला टोचतो. नाव पाटील सांगतेत, वय बी तेच सांगतेत. गाव अर्धं राहिलं तर वरून जबाब मला मागतेत. आठ साल झाले, आकडा बराबर हाये का तेवढंच इचारतेत. लेकरू कोन हाय हे आजवर तुमीच पहिल्या इचारलं." म्हातारा माणूस माझ्यासमोर मान घालून उभा होता, आणि मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही. खोटं का बोलू?

पाटलांचं म्हणणं

पाटील लपवाछपवी करत होते असं कुणाला वाटेल. मलाही वाटलं. तसं असतं तर बरं झालं असतं. लबाड माणसाला धाक तरी घालता येतो.

"काहून एवढी तकलीफ करून राहिल्या बाई?" ते शांतपणे म्हणाले. "मरीआईचा पहिला निवद आमच्या घरचा. देवीचा मान आमच्या घरात हाये. आमच्या अंगाला सुई लागली तर तिचा अपमान होतो. म्हनून आमी बदली दिली. पर नाव माधवचंच घेतलं, मी सोताच्या तोंडानं घेतलं. घरधनी आजारी असला तर त्याच्या नावानं दुसरा पूजेला बसतो का न्हाई? नवस दुसऱ्याच्या हातानं फेडला तर फिटतो का न्हाई? तसंच हे. सरकारच्या वहीत बी लिवलंय."

"अहो, सुई अंगात जावी लागते!" मी किंचाळलेच. "नावाला देवी येत नाही, अंगाला येते!"

"तुमी आमच्या रीतीला नावं ठेवू नका," ते म्हणाले. आवाज तसाच गोड. मला मेलीला त्या गोड आवाजाचाच जास्त संताप आला.

मी चंद्रीच्या घरी गेले. तिची आई भागाबाई दारात तुरी झोडपत होती. मी विचारलं, पोरीला असं का उभं करता? तिनं हातातली काठी खाली ठेवली. "पाटलाकडचं काम आलं की जावंच लागतंय बाई. लाकडं फोडायला बापानं जायचं, सारवायला मी जायचं, टोचून घ्यायला लेकरानं. पयल्या साली लई ताप आल्ता तिला. चार दिस डोळं उघडलं न्हाई. तवा पाटलानं पायलीभर ज्वारी धाडली." एवढं बोलून ती पुन्हा तुरी झोडपायला लागली.

आता घाई एकाच गोष्टीची होती. देवीचा संसर्ग झाल्यावर तीन-चार दिवसांच्या आत टोचलं तर लेकरू वाचू शकतं, असं आम्हाला शिकवलं होतं. बाजाराला दोन दिवस होऊन गेले होते. आमच्या सुरईत एक थेंब लस नव्हती.

परत हिंगोली, परत वाशीम

दुसऱ्या दिवशी उजाडताच हिंगोली गाठली. नवी लस आली होती. ज्यांच्या ताब्यात ती होती ते अंमलदार मोठे अदबीचे. मला खुर्ची दिली, चहा मागवला, यादी काढली. "बाई, हा गाव तर पूर्ण आहे."

मी सगळं सांगितलं. चंद्री, अकरा वण, माधव, बाजार. त्यांनी मन लावून ऐकलं, मध्ये मध्ये "अरेरे" सुद्धा केलं. मग म्हणाले, "यादी चूक आहे असं पाटलानं लिहून दिलं पाहिजे. ते मी जिल्ह्याला पाठवतो. तिथून आकडा दुरुस्त होऊन आला की लस देतो. आज दिली तर एकाच मुलाला दोनदा टोचल्याचं दिसेल."

"एकदाही टोचलेलं नाही हो त्याला!"

"दप्तरात टोचलेलं आहे," ते म्हणाले. आणि मला एकदम तो ओटा आठवला, पाटलाचा तो शांत चेहरा. तिथं खेड्यात एक माणूस समजतो की नाव घेतलं म्हणजे लेकरू वाचलं, आणि इथं खुर्चीवर शिकलेला माणूस तेच समजतो! पाटलाला निदान कुणी शाळेत घातलं नव्हतं. यांचं काय? मी चहाला हात न लावता उठले. दारात जरा जास्तच बोलले. काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

करीमभाईंना गावाकडे धाडलं आणि मी मोटार धरून वाशीमला आले. आमच्या डॉक्टरांना दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी कपाट उघडलं आणि वीस नळ्या माझ्या हातात ठेवल्या. कागद नाही, सही नाही. "नंतर लिहू," एवढंच म्हणाले. तीस मैलांवर लस होती! भाद्रपदापासून तिथंच होती!

नाक्यावर मी भांडायच्या तयारीनंच उतरले. इकडची लस तिकडे न्यायला परवानगी लागते, ती माझ्याकडे नव्हती. तोच कारकून. ओल्या फडक्यातल्या नळ्या त्यानं बघितल्या. "देवी तिकडं आली म्हनतेत, खरं हाये का?" मी म्हटलं, खरं आहे. तो आत गेला आणि दोन लेकरांना बखोटीला धरून घेऊन आला. "आधी हे टोचा, मग जा." बाकावर बसून मी दोघांना टोचलं. आमच्या डॉक्टरांनंतर कागद न मागणारा सरकारी माणूस हा एकटाच भेटला.

गंगू

गावात पोचले तेव्हा बाजाराला सहा दिवस झाले होते. माधव ओट्यावर पाटलांच्या मांडीवर खेळत होता, हसत होता. मला पाहून पाटलांनी त्याला घट्ट धरलं.

"सुई लावू देनार न्हाई बाई. एकदा झालंय."

मी बोलणार तोच आतून गंगू आली. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेला. सासऱ्यासमोर तिनं कधी तोंड उघडलं नसावं, कारण ओट्यावरची माणसं वळून बघायला लागली. "मामंजी," ती म्हणाली, "नाव तुमच्यापाशी ठेवा. लेकरू मला द्या." आणि वाकून तिनं माधवला उचललं, माझ्यासमोर बसली आणि त्याचा दंड पुढं केला. पाटील उठून देवळाकडे निघून गेले.

त्या दिवशी सोळा लेकरांना टोचलं. गंगूनं सुरुवात केल्यावर मोठ्या घरांतल्या बाया मागच्या दारानं एकेक करून आल्या. करीमभाईंनी प्रत्येकीला लेकराचं नाव आईच्या तोंडून विचारून लिहिलं.

आठव्या दिवशी फोड तपासायला आलो. पंधरा लेकरांचे दंड छान धरले होते, लेकरं खेळत होती. माधव तापानं फणफणला होता आणि तोंडावर, तळव्यांवर पुरळ उठलं होतं. दोन दिवस उशीर झाला होता. दोन दिवस! एक हिंगोलीत चहाच्या कपासमोर गेला, दुसरा वाशीमच्या वाटेवर.

घरात फोडणी बंद झाली, दाराला लिंबाचा पाला बांधला. पण लेकराजवळ बसणार कोण? मला आणि करीमभाईंना दिवसभर बाकीच्या गावांत टोचायला जावं लागे. गंगूला पाचवा महिना होता, तिला मी आत येऊ दिलं नाही. बाकीच्यांच्या अंगाला कधी सुई लागली नव्हती, सगळे भ्यायले होते. देवी जिला होऊच शकत नाही अशी जवळची जाणती पोर एकच होती. पाटलांनी तराळाला पाठवलं. ज्या ओट्याची पायरी कधी चढू दिली नव्हती तो ओलांडून चंद्री माजघरात आली आणि माधवच्या उशाशी बसली. लिंबाच्या डहाळीनं वारा घालायची, ओठांवर पाणी सोडायची, त्याला फुटाण्यांच्या बाजाराची गोष्ट सांगायची. मला लाज वाटली आणि रागही आला. पण पोरीला पाठवून दिलं नाही. दुसरं कुणी नव्हतं.

सहाव्या दिवशी दुपारी माधव गेला. पाटील दारातच बसले होते. माझ्याकडे बघत म्हणाले, "नावानं तर टोचून घेतलं होतं ना बाई?" आत गंगू रडत होती, तिच्याकडे गेले.

वाशीम

परतण्याआधी हिंगोलीतच मी अहवाल लिहिला. कुणाला काय झालं, कुणाच्या जागी कोण उभं राहिलं, माधवजवळ कोण बसलं, सगळं नावानिशी. करीमभाईंनी खाली सही केली. म्हातारा म्हणाला, "नोकरी गेली तर जाऊ द्या."

तीन आठवड्यांनी वाशीमला त्यांचं पाकीट आलं. आत वरून उतरलेला हुकूम आणि त्यांच्या हातची चिठ्ठी, "काय करू सांगा." हुकुमात दोन कलमं होती. पहिलं असं की, मयत माधव यास देवी काढल्याची नोंद दप्तरी असल्यानं तो देवीनं मेला असं मानता येत नाही, सबब मृत्यू तापानं असा लिहावा. दुसरं असं की, अहवालात उल्लेखिलेली चंद्री नावाची मुलगी यादीत कुठंही आढळत नाही, अर्थात तिला आजवर टोचलेलं नाही. अशी मुलगी रोग्याजवळ बसवणं ही गंभीर हयगय असून तिला विनाविलंब टोचावं.

मी तो कागद दोनदा वाचला. मग दौत ओढली आणि त्याच हुकुमाच्या पाठीवर, मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिलं की, टोचायची असेल तर हुकूम काढणाऱ्यानं स्वतः यावं आणि त्या पोरीच्या दंडावर मोकळी जागा शोधून दाखवावी.